बाहेरच्या भिंतीला पॅनेल लावण्याआधी आगीची आणि पाण्याची चाचणी सोसायटीने स्वतः करून घ्यावी का?

पाऊसपाणी (धागाकर्ती)

ठाण्यातली आमची चौदा मजली इमारत. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, आतल्या रंगाला पोपडे येतात. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालाय. आलेल्या कोटेशनांपैकी एकात पश्चिमेची भिंत आणि जिन्याची बाजू एसीपीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलने झाकायचं सुचवलंय. गळती बंद आणि इमारतही नवी दिसेल, असं ठेकेदाराचं म्हणणं. सोबत कंपनीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स: आगीत 'बी' वर्ग (ए ते एफ या उतरंडीत), पाणी शोषण नगण्य. कमिटीतले बरेच जण त्यावर खूश आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. त्या झेरॉक्सवर काम द्यायचं नाही. साइटवर उतरलेल्या मालातून सोसायटीने स्वतः शीट निवडावी, सही करून सील करावी आणि प्रयोगशाळेत पाठवावी. खिडकीसकट एक तुकडा आधी लावून त्यावर पाणी मारून बघावं. दोन्हीचा खर्च टेंडरमध्येच धरावा.

चार मिलिमीटरच्या शीटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे, मधला तीन मिलिमीटर गाभा. तो साध्या पॉलिथिलिनचा असेल तर चौरस मीटरला जवळपास पावणेतीन किलो प्लास्टिक भिंतीवर चढतं, आणि ते जळताना किलोमागे साधारण डिझेलइतकी उष्णता देतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला हाच गाभा होता. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली, खिडकीतून बाहेर पडली आणि पॅनेलवरून चढत २४ मजली इमारतभर पसरली. ७२ माणसं गेली. पॅनेल जेमतेम वर्षभरापूर्वी, २०१६ साली संपलेल्या नूतनीकरणात लागली होती. कागद तिथेही होते.

---

गिलावा

हयात परांचीवर गेली, म्हणून विरोधात लिहितो.

ताई, लंडनचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे पॅनेलच्या मागे थंडीसाठी फोमचे जाड थर होते, तेही जळणारे. आपल्या भिंती विटांच्या नाहीतर ब्लॉकच्या, मागे फोम कोणी लावत नाही. आणि गळतीचं म्हणाल तर विटेतून, ब्लॉकमधून पाणी येतं हा गैरसमज आहे. पाणी येतं सांध्यातून. आरसीसी बीम आणि ब्लॉकचं काम जिथे भेटतं तिथे कोंबडजाळी न मारता प्लॅस्टर ओढलेलं असतं, दोन उन्हाळ्यांत केसासारखा तडा जातो. खिडकीच्या सिलला बाहेरच्या बाजूला उतार नसतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसते, मग पाणी पोटाखालून सरकत भिंतीत शिरतं. यातलं काय तुमची प्रयोगशाळा सांगणार? तिथे सुटा तुकडा जातो, भिंत जात नाही.

पॅनेल लावूच नका. गळक्या भिंतीवर पॅनेल म्हणजे गळूवर पावडर. चाचणीचे पैसे तडे उघडून भरण्यात, जाळी मारण्यात, दोन हाती प्लॅस्टरात घाला.

---

हिशेबनीस

मीही एका सोसायटीचा खजिनदार आहे. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी.

ठेकेदार दहा वर्षांची हमी देतो. माल त्याचा, जबाबदारी त्याची. तुम्ही नमुना काढून चाचणी केली, 'पास' आलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात गळलं, तर तो पहिलं वाक्य म्हणेल, "तुमच्याच रिपोर्टवर लावलंय." आमच्याकडे टाकीच्या वॉटरप्रूफिंगला नेमकं हेच झालं, वकिलाची फी वर गेली. चाचणी करून सोसायटी स्वतःला निर्णयात गुंतवून घेते.

दुसरं, तो रिपोर्ट वाचणार कोण? कमिटीत कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त. आयएसआय मार्क आहे का, बिलावर बॅच नंबर आहे का, एवढं बघावं. आधीच देखभालीची थकबाकी आहे, त्यात सभासदांवर आणखी वर्गणी बसवायची हे मला पटत नाही.

---

भट्टीवाला

बांधकामाच्या मालाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितोय.

आधी पाणी. विटेची साधी चाचणी अशी असते: पाच विटा १०५ ते ११५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायच्या, थंड करून तोलायच्या, मग २४ तास पाण्यात बुडवायच्या. बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसायच्या आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा तोलायच्या. नेहमीच्या वापरातल्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. चाचणी चोख आहे, पण गिलावा म्हणतात ते खरं, ती विटेची चाचणी आहे, भिंतीची नाही.

भिंतीची चाचणीही असते, आणि ती जागेवर होते. कार्स्टेन नळी म्हणून काचेची छोटी नळी मिळते. तिचं वाटीसारखं तोंड पुट्टीने प्लॅस्टरवर चिकटवायचं, वरून आकड्यापर्यंत पाणी भरायचं आणि ठरावीक मिनिटांनी पातळी किती उतरली ते वाचायचं. चांगल्या प्लॅस्टरवर पाणी जेमतेम हलतं. जिथे केसतडा आहे तिथे डोळ्यांदेखत उतरतं. याला ना मोठा खर्च, ना वकील.

आता आग. गाभ्याचा तुकडा बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये जाळून किलोमागे उष्णता किती हे मोजतात. युरोपात 'ए२', म्हणजे जवळजवळ न जळणाऱ्या वर्गासाठी ती ३ मेगाज्यूलच्या आत लागते. पॉलिथिलिन ४० च्या वर जातं. तेव्हा नुसत्या गाभ्याची चाचणी करूनही ढोबळ फसवणूक पकडता येते. पण पूर्ण सुरक्षितता त्यातून कळत नाही, इथे पाऊसपाणींशी माझा मतभेद आहे. ग्रेनफेलनंतर ब्रिटिश सरकारने २०१७ च्या उन्हाळ्यात भिंतींच्या ७ मोठ्या प्रतिकृती उभ्या करून जाळल्या. पॉलिथिलिन गाभ्याच्या दोन्ही नापास झाल्या, पहिली तर ९ मिनिटांच्या आत थांबवावी लागली. महत्त्वाचं पुढे आहे: एफआर, म्हणजे आगीला उशीर लावणाऱ्या गाभ्याचं पॅनेल मागे दगडी लोकर (दगडाच्या तंतूंचा न जळणारा थर) असताना पास झालं आणि मागे फोम असताना नापास. पॅनेलचा प्रकार एकच, निकाल उलटा. इतकी मोठी चाचणी कुठलीच सोसायटी करू शकत नाही. म्हणून 'चाचणी केली, आता निर्धास्त' असं कुणी समजू नये.

---

टेम्सकाठी

लंडनमध्ये राहते. आमच्या इमारतीलाही असंच क्लॅडिंग, म्हणजे बाहेरून लावलेलं आवरण होतं, म्हणून राहवलं नाही.

हिशेबनीस, खर्चाचं म्हणता तर पुढचा खर्चही बघा. इथे २०१९ च्या अखेरीपासून बाहेरच्या भिंतीच्या आगीबाबतच्या तपासणीचा ईडब्ल्यूएस१ नावाचा फॉर्म सुरू झाला. तो नसेल तर बऱ्याच बँका कर्ज देईनात, फ्लॅट विकले जाईनात. रात्रभर आगीवर लक्ष ठेवायला पहारेकरी ठेवावे लागले आणि त्यांचा पगार रहिवाशांच्या बिलात आला. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब बाळ झाल्यावरही एका खोलीत अडकून पडलं, कारण घर विकताच येईना.

आणि 'कंपनीचा रिपोर्ट आहे' याविषयी. इथल्या चौकशीत हे उघड नोंदलं गेलंय की ग्रेनफेलवर लागलेल्या फोमच्या २०१४ च्या चाचणीत प्रतिकृतीमध्ये न जळणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड घातले होते आणि जाहिरातीत त्यांचा उल्लेख नव्हता. पॅनेलचंही तसंच. तेच पॅनेल रिव्हेट मारून लावलं तर एक वर्ग, डब्यासारखं वळवून लटकवलं तर कितीतरी खालचा. चांगला निकाल रिव्हेटचा होता, टॉवरवर लटकवलेली होती. तुमच्या झेरॉक्सवर पॅनेल कसं लावून तपासलं ते लिहिलंय का, एवढं तरी बघा.

---

देवगडी

आमच्याकडे जांभ्याची घरं. जांभा पाणी पितो, कुठल्या चाचणीत पहिला येणार नाही. तरी घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, कारण वळचण लांब काढलेली असते आणि मिरगाआधी पश्चिमेला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या बांधतात. झड भिंतीपर्यंत पोचूच द्यायची नाही. शहरात छज्जे कापून सपाट भिंती केल्या आणि आता त्यावर उपाय शोधताय. आधी छज्जा वाढवता येतो का ते बघा.

---

गिलावा

देवगडी, लाख बोललात.

भट्टीवाला, नळी मला मान्य. पण फवाऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचंच उदाहरण बघा. चौरस मीटरवर मिनिटाला ३.४ लिटर पाणी, १५ मिनिटं. म्हणजे तासाला साधारण २०० मिलिमीटरचा पाऊस, ऐकायला जबरदस्त. आपली झड तीन-तीन दिवस हटत नाही, वाऱ्याची दिशा बदलत राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. पाव तासात पास झालेली भिंत तिसऱ्या दिवशी काय करते ते मी पाहिलंय.

---

पाऊसपाणी

सगळ्यांचे आभार. एकेकाचं घेते.

गिलावा, मागे फोम नाही म्हणून आपण सुटलो, हे मला मान्य नाही. त्या सातांतली दुसरी प्रतिकृती पॉलिथिलिनचं पॅनेल आणि मागे न जळणारी दगडी लोकर अशी होती, तीही नापासच झाली. दुबईतल्या उंच इमारतींवर आगी कशा चढल्या तेही आठवा. टॉर्च टॉवर २०१५ आणि २०१७, दोनदा पेटला.

शिवाय पॅनेलच्या बाबतीत आग आणि पाणी वेगळे काढताच येत नाहीत. पॅनेलच्या मागे पोकळी ठेवावी लागते, सांध्यातून शिरलेलं पाणी तिथून खाली निघून जावं म्हणून. तीच पोकळी आगीत धुराडं होते. मजल्यामजल्यावर पोकळी गच्च बंद केली तर आग अडते पण पाणी साठतं. त्यावर तोडगा आहे: उष्णतेने फुगणारी पट्टी, जी एरवी फट मोकळी ठेवते आणि तापली की फुगून ती बुजवते. आमच्या कोटेशनमध्ये या पट्टीचा एक शब्द नाही. दोन्ही चाचण्यांचा आग्रह धरला तरच हा प्रश्न कोणीतरी विचारतं.

हिशेबनीस, हमीचा मुद्दा करारातल्या एका कलमाने सुटतो: "सोसायटीने केलेल्या तपासणीमुळे ठेकेदाराची जबाबदारी कमी होणार नाही." आणि बिलावरच्या बॅच नंबरवर विसंबायचं म्हणता, तर नोव्हेंबर २०२५ ची हाँगकाँगची आग बघा. दुरुस्तीसाठी बांबूच्या परांच्या आणि जाळ्या लावलेल्या सात इमारती पेटल्या, दीडशेहून जास्त माणसं गेली. खालच्या बाजूला नियमात बसणाऱ्या जाळ्या होत्या आणि वर निकृष्ट, असं तिथल्या यंत्रणांनी सांगितलं. तपासणारा हात पोचेल तिथे चांगला माल, वर कसलाही. म्हणून नमुना बाराव्या मजल्यावरून, सोसायटीने निवडलेल्या जागेवरून निघाला पाहिजे.

---

हिशेबनीस

कलम टाकाल, पण त्यावर सही करणारा ठेकेदार दर वाढवूनच देईल. आणि वर्षातून दोनदा लायसन्स असलेली एजन्सी अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म 'बी' देते ना? मग त्यांनीच भिंतही बघावी.

---

भट्टीवाला

आमच्या इमारतीत त्या तपासणीला मी हजर होतो. पंप, होज, अलार्म बघतात. भिंतीवरच्या पॅनेलचा गाभा कोणी उघडून पाहिला नाही.

---

गिलावा

पॅनेलला माझा विरोध कायम. प्लॅस्टर करणार असाल तर नळी जरूर लावा, रंग चढायच्या आधी, बीमच्या सांध्यावर, प्रत्येक मजल्यावर, आणि ठेकेदाराच्या माणसासमोर. पातळी उतरली तर तेवढं प्लॅस्टर तोडायचं, हे टेंडरमध्येच लिहा. नंतर लिहिलं तर कोणी तोडत नाही.

---

पाऊसपाणी

हे वाक्य जसंच्या तसं टेंडरच्या मसुद्यात घेते. पॅनेलचा निर्णय सर्वसाधारण सभेत मतदानाला जाईल, तिथे मी विरोधात मत देणार. बहुमताने पॅनेलच ठरलं तर मात्र बाराव्या मजल्यावरून शीट उतरवून घेतल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये, अशी सूचना मांडणार आहे. हिशेबनीस, खजिनदाराच्या नजरेतून त्या सूचनेचा मसुदा तपासून द्याल का?