मदत हवी आहे: हेपॅटायटिस सी असलेल्या दात्याची किडनी, वय ७१

बाबा ७१ वर्षांचे, दोन वर्षं डायलिसिसवर. घरातलं कोणीच जुळत नाही. हेपॅटायटिस सी असलेल्या मृत दात्याची किडनी चालेल का, असं डॉक्टरांनी विचारलंय. दात्याच्या रक्तात नुसत्या अँटीबॉडी नाहीत, प्रत्यक्ष विषाणू असेल. म्हणजे संसर्ग होणार हे धरूनच चालायचं. मग ८ ते १२ आठवडे गोळ्या, त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, इथवर कळलं. बाबांचं लिव्हर ठीक आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध मात्र चालू आहे, ते यातल्या काही गोळ्यांसोबत चालत नाही. संमतीच्या फॉर्मवर ‘औषध कधी सुरू’ ही ओळ कोरीच आहे, तिथेच अडलोय. सत्तरीपुढच्या कोणी अशी किडनी घेतली असेल तर सांगा: गोळ्या ऑपरेशनच्या दिवशीच सुरू केल्या, की विषाणू रक्तात दिसल्यावर? आणि त्या काळात टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते औषध) रक्तातली पातळी किती वेळा तपासली?