‘कार्ल भाई’ धंदेवाला की नुसताच बोलबच्चन?

गोदाकाठ
परवा कॉलेज रोडला चहा पिताना भाच्याशी वाजलं. त्याला ‘नथिंग’चा फोन हवाय. कारण? “मामा, कार्ल भाई आपला माणूस वाटतो.” हे ‘भाई’ म्हणजे नथिंग काढणारा कार्ल पेई. जन्म बीजिंगचा, वाढला स्वीडनमध्ये, कंपनी लंडनला. एक्सवर स्वतःचं नाव ‘कार्ल भाई’ लावलं आणि 2024 मध्ये टेस्लाच्या इलॉन मस्कलाही सल्ला दिला, भारतात कारखाना काढायचा तर ‘इलॉन भाई’ हो!

माझं मत स्पष्ट आहे. या माणसाकडे विकायला एकच माल आहे, उत्सुकता. स्टॉकहोमचं शिक्षण अर्धवट सोडलं, मेइझू आणि ओप्पो या चिनी फोन कंपन्यांचं परदेशातलं मार्केटिंग केलं, 2013 च्या शेवटी पीट लाउबरोबर वनप्लस ही फोन कंपनी काढली. पहिला फोन घ्यायला चक्क आमंत्रण लागायचं. त्याआधी ‘जुना फोन फोडा’ स्पर्धा. शंभर जण निवडायचे, त्यांनी फोन फोडतानाचा व्हिडिओ टाकायचा, की एका डॉलरला नवा फोन. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, काहींनी निवड व्हायच्या आधीच फोडून टाकले. आणि ऑगस्ट 2014 चं ‘लेडीज फर्स्ट’ आठवतंय? मुलींनी कंपनीच्या चिन्हासोबत फोटो टाकायचे, जास्त लाइक मिळतील त्या पन्नास जणींना आमंत्रण. इतकी शोभा झाली की काही तासांत गुंडाळावं लागलं. याला कर्तबगारी म्हणायचं?

एमजीरोड_काउंटर
साहेब, माझं एमजी रोडला मोबाइलचं दुकान आहे. वनप्लस तेव्हा फक्त ऑनलाइन मिळायचा, म्हणजे पेईनं आमच्या पोटावर पाय दिला होता. तरीही त्याची बाजू घेतो.

‘लेडीज फर्स्ट’ घाणच होतं, ते सोडा. पण आमंत्रणाला नाटक म्हणू नका. नवी कंपनी, खिशात पैसा बेताचा. पन्नास हजार पीस बनवले आणि वीस हजार पडून राहिले तर संपला विषय. डेड स्टॉक काय असतो ते गल्ल्यावर बसणाऱ्याला विचारा. माझ्या माळ्यावर अजून दोन-तीन कंपन्यांचे कव्हर पडलेत ज्यांचे फोनच बंद झाले. आमंत्रणं मोजून वाटली की माल मोजून बनवता येतो. लोकांना त्यात रुबाब वाटला, हा वरचा नफा. आणि फोन होता कसा? 64 जीबी, 21,999 रुपयांत. तेव्हा बड्या कंपन्यांचे वरचे फोन चाळीस हजारांच्या पुढे होते. नुसत्या बोलण्यावर तो भाव बसत नाही.

सातपूर_एमआयडीसी
काउंटरवाले भाऊ, 2014 चं पुण्य किती दिवस खाणार? नथिंगची पारदर्शक पाठ बघा. बोर्ड, बॅटरी काही दिसत नाही, दिसतात ते बहुतेक शोभेचे तुकडे. आमच्या कारखान्यात मशिनला असलं कव्हर लावलं तर मेंटेनन्सवाला हसेल.

नोव्हेंबर 2023 मध्ये अँड्रॉइडवर आयफोनचं आयमेसेज चालवणारं ॲप वाजतगाजत आणलं. मेसेज नीट सुरक्षितच नाहीत हे बाहेर आलं आणि एका दिवसात ॲप काढून घेतलं. 2025 मध्ये नथिंगचा फोन थ्री काढला 79,999 ला, आणि त्यात स्नॅपड्रॅगनची सगळ्यात वरची चिपसुद्धा नाही. वर दुकानातल्या डेमो पीसमध्ये ‘आमच्या फोननं काढलेले’ म्हणून विकतचे फोटो सापडले. तात्पुरते टाकले होते, बदलायचे राहिले, म्हणे. मार्केटिंगवाला मालक झाला की क्वालिटीवाल्याची खुर्ची मागे सरकते, हे मी दोन कंपन्यांत पाहिलंय.

द्राक्षबाग
नाशिककरांनी तरी असं बोलू नये भो. ओरॅकलची नोकरी सोडून राजीव सामंत इथे आले, सुला ही वाइन कंपनी काढली, 2008 पासून सुलाफेस्टला गाणी-बजावणी सुरू केली. तेव्हा आमच्या गावात म्हातारे म्हणायचे, दारू विकायला जत्रा कशाला? आज शनिवारी त्या रस्त्याला मुंबईच्या गाड्यांमुळे ट्रॅक्टर काढता येत नाही. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते म्हणतात, ते काही वाईट नाही.

गोदाकाठ
द्राक्षबाग, तुलना गोड आहे, पण सुलाच्या जत्रेच्या आधी वेल लावले होते. पेईनं ऑक्टोबर 2020 मध्ये वनप्लस सोडली, जानेवारीत नव्या कंपनीचं नाव सांगितलं ‘नथिंग’, आणि मार्चमध्ये सामान्य लोकांकडून 15 लाख डॉलर मागितले. मिनिटभराच्या आत जमले! पहिले इअरबड्स आले जुलैमध्ये. म्हणजे पैसे दिले तेव्हा दाखवायला खरोखरच नथिंग.

पंचवटी_एक्सप्रेस
भाच्यानं शेवटी घेतला का ते सांगा ना. बाकी चालू द्या.

एमजीरोड_काउंटर
पैसे त्याच्या आधीच्या कामावर जमले, साहेब. आमच्याकडेही जुन्या गिऱ्हाइकाला उधार देतो, नव्याला नाही.

सातपूरवाल्यांचं फोटोंचं आणि ॲपचं म्हणणं मान्य, तिथे बोलायला तोंड नाही. 79,999 ला मीही गिऱ्हाइकाला दुसरा फोन दाखवतो. पण एक सांगतो. बाकी सगळे डेमो पीस काउंटरवर सरळ ठेवतो, नथिंगचा तेवढा उलटा ठेवतो. पोरं येतात, “काका, रिंगटोन लावा ना” म्हणतात, पाठीवरचे लाइटचे पट्टे तालावर लुकलुकायला लागले की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाइकसुद्धा इकडे मान वळवतं. काचेच्या सारख्याच काळ्या पाट्या विकून आम्ही कंटाळलो होतो हो. त्या माणसाला हे कळलं.

काल एकानं ईएमआयवर नेला. अर्धा तास लाइट बघत बसला. मग म्हणाला, “काका, जाड काळं कव्हर द्या, आई म्हणते पडला तर फुटेल.” दिलं, अडीचशे रुपये. लाइट झाकले गेले, पण टक्क्यात बघितलं तर मार्जिन फोनपेक्षा कव्हरवरच जास्त सुटलं.

गोदाकाठ
पंचवटी, घेतला. त्यानंही कव्हर लावलंय.