.22 पिस्तुलात पुंगळी अडकते : एक्स्ट्रॅक्टर झिजला असेल की इजेक्टर?

नमस्कार मंडळी, 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळणाऱ्यांचा आणि शस्त्रदुरुस्तीतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पिस्तूल .22 एलआर (छोट्या .22 काडतुसाचं), ब्लोबॅक (म्हणजे गोळीच्या गॅसच्या दाबानेच स्लाइड मागे जाते), पाच राउंडचं मॅगझीन. एका सीनियर ताईंकडून घेतलं आणि रीतसर माझ्या परवान्यावर चढवलं. भरपूर चाललेलं आहे. उन्हाळ्यापर्यंत पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) उजव्या हाताला जवळपास एकाच जागी पडायच्या. आता एखादी मनगटावर येते, एखादी टेबलावरच गळते आणि मध्येच एखादी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकते. प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्यात, निभावून जातं. रॅपिडमध्ये, म्हणजे वेगाच्या टप्प्यात, मात्र तीन सेकंदांत एक गोळी, मग सात सेकंद विश्रांती. त्या सात सेकंदांत नजर खिडकीकडे गेली की पुढच्या गोळीची लय गेलीच.

चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळीची कड पकडून तिला मागे आणणारा भाग) नखाखालची काजळी काढली. .22 च्या गोळीवरचं मेण तिथे फार साचतं. नळी वेगळी करून चेंबरमध्ये रिकामी पुंगळी सोडली तर आपसूक आत जाते, आपसूक बाहेर येते. म्हणजे ड्राय फायरमुळे (रिकाम्या पिस्तुलाचा घोडा दाबून केलेल्या सरावामुळे) पिन आपटून चेंबरच्या काठावर बर, म्हणजे धातूचा उंचवटा, आलेली नाही. मॅगझीनमध्ये एकच राउंड भरूनही तोच प्रकार, त्यामुळे वरच्या राउंडला पुंगळी धडकते असंही म्हणता येत नाही. काडतुसांचा ब्रँडही बदलून पाहिला.

रेंजवर बहुतेकांचं म्हणणं, रिकॉइल स्प्रिंग बदल. मला ते पटत नाही. ब्लोबॅकमध्ये स्प्रिंग मऊ झाली तर स्लाइड जास्त जोरात मागे जाईल आणि पुंगळ्या लांब उडतील. माझ्या तर पायाशी पडतात.

माझा संशय एक्स्ट्रॅक्टरवर आहे. भिंगातून पाहिलं तर नखाची धार गोल होऊन चकाकतेय. पुंगळीच्या कडेवर नखाची स्वच्छ खूण दिसायला हवी, तिथे घसरल्याचा ओरखडा आहे. डमी राउंड भरून स्लाइड हळू मागे घेतली तर राउंड नखातून सुटून मॅगझीनच्या तोंडावर पडतो. गोळी झाडताना गॅसच पुंगळीला मागे ढकलतो, म्हणून नख झिजलं तरी ती चेंबरमधून निघते. पण इजेक्टरवर (पुंगळी ज्यावर आपटून खिडकीतून बाहेर उडते तो भाग) आपटेपर्यंत तिला घट्ट धरून ठेवायचं काम नखाचंच ना? इजेक्टरचं टोक मला तरी शाबूत वाटतं.

हिंगणा एमआयडीसीत टर्नरकडून नख बनवून घे, असं दोघांनी सुचवलं. कृपया तो सल्ला देऊ नका. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, शिवाय त्या पोलादाला किती पाणी द्यायचं हे त्याला कुठून कळणार?

तर प्रश्न असे. नवं नख बसवताना त्यामागची छोटी स्प्रिंगही सोबत बदलावी का? तिचा ताण कसा तपासतात? इजेक्टर झिजल्यावर पुंगळीच्या बुडावर वेगळी खूण दिसते का? आणि टार्गेट पिस्तुलात हात बसलेला, परवाना असलेला गनस्मिथ नागपुरात कुणाला माहीत आहे का, की पुणे-मुंबईच गाठावं लागेल? पाठवायचं झालं तर कागदपत्रं काय लागली, तेही सांगा. राज्य स्पर्धा तोंडावर आहे.