मदत हवी आहे: एमजीबीची हॉर्सपॉवर कमी पैशांत कशी वाढवायची?

मधलीसुट्टी
मंडळी, माझ्याकडे एमजीबी आहे, ती ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दिसायला झकास, पण पिकअपच्या नावाने बोंब. बाजूने मिनीव्हॅन सुसाट निघून जाते आणि आतली पोरं टाटा करतात. पॉवर वाढवायची आहे. बजेट 500 डॉलर, फार तर 600. इंजिन उतरवायचं नाही. फिल्टर बदलून झाला, प्लग नवे आहेत. "यूट्यूब बघा" असं कृपया कोणी सांगू नका, बघूनच इथे आलोय. पुढच्या शनिवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा.

कोव्हेंट्रीकर
एकदम सोपं आहे. ट्विन एसयू कार्ब (एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर) नीट जुळवून घ्या, सुया बदला, डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स बघा. माझी 1970 ची जीटी आहे, 1798 सीसी, कागदावर 95 घोडे. मोटरवेवर 70 ला गुणगुणते. एक पैसा मात्र वाचवा: चकचकीत ट्यूब्युलर मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) नादी लागू नका. या गाडीचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड मुळातच चांगला आहे, नव्याने फक्त आवाज वाढेल. तुमची कुठल्या सालची?

टर्बो_तात्या
500 डॉलर कार्बवर कशाला घालवता? रोव्हरचं 3.5 लिटरचं व्ही8 बसवा. कंपनीने स्वतःच 1973 ते 76 मध्ये एमजीबी जीटी व्ही8 विकली होती, 137 हॉर्सपॉवर. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे नाक जड होत नाही. मुळात ते अमेरिकेतल्या ब्यूकचंच डिझाइन, म्हणजे घरचा पाहुणा घरी.

मधलीसुट्टी
तात्या, बजेट वाचलंत का?

टर्बो_तात्या
वाचलं. थोडं वाढवा.

सदाफुली
एमजी म्हणजे हेक्टरवालीच ना? आम्ही डिझेल घ्यायचं म्हणतोय, नाशिक-पुणे महिन्यातून दोनदा होतं. मायलेज किती मिळतं?

कोव्हेंट्रीकर
ताई, नाव तेच, पण ही ती नाही. ही 1962 ते 1980 दरम्यान ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटांची गाडी आहे. हेक्टरसाठी वेगळा धागा काढा.

दहाबाराचा_पाना
धागाकर्त्याने गाडी सांगितली, साल नाही. डॉलर सांगितले, राज्य नाही. या दोन गोष्टींशिवाय वरचे सगळे सल्ले हवेत आहेत. क्रोमचा बंपर की काळा रबरी? कार्ब एक की दोन?

मधलीसुट्टी
1977. रबरी. कार्ब एकच आहे, झेनिथ स्ट्रॉम्बर्ग लिहिलंय. कॅलिफोर्निया, फ्रीमाँट. इतकं काय त्यात? एमजीबी ती एमजीबी.

दहाबाराचा_पाना
अहो, तिथेच तर सगळं आहे! अमेरिकेसाठीच्या या मॉडेलचं इंजिन तेच 1798 सीसी, पण कॉम्प्रेशनचं प्रमाण 8 ला उतरवलेलं, दोन एसयू जाऊन एक स्ट्रॉम्बर्ग, त्यात धूर स्वच्छ करायला एअर पंप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. कागदावर 62.5 हॉर्सपॉवर. कोव्हेंट्रीकरांच्या गाडीत 95. एकाच आईची दोन लेकरं, पण एकाला जेवण अर्धंच.
आणि कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (आपल्या पीयूसीसारखी धुराची तपासणी) माफ आहे. तुमची दोन वर्षांनी हुकली. तुम्हाला दर दोन वर्षांनी स्मॉग करावा लागतो, त्यात नळीतला धूर मोजतात आणि बॉनेट उघडून मूळचे भाग जागेवर आहेत का तेही बघतात. बाहेरचा पार्ट लावायचा तर त्याला राज्याच्या एअर बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. ट्विन एसयू लावलेत की तपासणीवाला नुसतं बघूनच परत पाठवेल.

कोव्हेंट्रीकर
काय राज्य आहे! इकडे ब्रिटनमध्ये 40 वर्षं उलटली की एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) माफ, रोड टॅक्सही माफ. पण उपाय आहे: एसयू लावा, स्मॉगच्या आदल्या रविवारी जुनं परत बसवा. दोन वर्षांतून एक रविवार.

दहाबाराचा_पाना
पहिलं म्हणजे ते बेकायदा आहे. दुसरं, त्या मॅनिफोल्डचे स्टड एकेका वेळी काढून-घालून बघा. एक तुटला की तो रविवार दिवाळीपर्यंत लांबतो. शिवाय या सालांच्या मॅनिफोल्डला उष्णतेने तडे जातात, तो जितका कमी हलवाल तितका बरा.

कोव्हेंट्रीकर
स्टड तुटतो तो घाई करणाऱ्याचा. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं.

दहाबाराचा_पाना
तुमच्याकडच्या पावसात गंजलेल्या स्टडवर कोणतं तेल चालतं ते सांगा, मीही आणतो.

भिडेमास्तर
दोघांनी जरा थांबावं. मी तीस वर्षं पद्मिनी चालवली, 1089 सीसी, तिच्या मानाने तुमची गाडी म्हणजे राजाच. खंडाळ्याच्या घाटात प्रत्येक वळणावर बॉनेट उघडून पाणी घालणारी माणसं आठवतात का? मीही त्यातलाच. एकदा पिकअप गेला म्हणून मी प्लग, पॉइंट, कार्ब सगळं बदललं. शेवटी फिटरने पायाखालची मॅट ओढून काढली. अ‍ॅक्सिलरेटर खालपर्यंत जातच नव्हता.
तेव्हा माझा एकच प्रश्न आहे. गाडी पहिल्यापासून अशीच आहे की मागाहून झाली?

सदाफुली
मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी आता पूर्ण बंद झाल्या ना? बाबा फार हळहळले होते.

भिडेमास्तर
हो. शेवटची काळीपिवळी ताडदेव आरटीओत 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली होती, वीस वर्षांची मुदत 2023 ला संपली. असो. धागाकर्ते?

मधलीसुट्टी
घेऊन दीड वर्ष झालं. पहिले काही महिने बरी होती, म्हणजे 680 हायवेवरचा सुनोलचा चढ 60 मैलांनी चढायची. आता तिसऱ्यात टाकली तरी 45 च्या वर जात नाही. आयडलला मात्र छान चालते. हे महत्त्वाचं आहे का?

दहाबाराचा_पाना
(कपाळाला हात.) मास्तर, दंडवत. तुम्हाला हॉर्सपॉवर वाढवायची नाहीये, हरवलेली शोधायची आहे! 62 पैकी चाळीसेक उरले असतील. 500 डॉलर खिशातच ठेवा आणि या क्रमाने बघा.
इंजिन गरम करा, इग्निशन बंद पाडा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन धडधाकट.
मग एकाला पॅडल दाबायला बसवा आणि तुम्ही कार्बकडे बघा, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडतो का. मास्तरांची मॅट इथे.
मग स्ट्रॉम्बर्गचं वरचं झाकण, चार स्क्रू. आत रबराचा पातळ पडदा आहे, तो कार्बमधला पिस्टन वर ओढतो. तो फाटला की गाडी आयडलला गोड चालते आणि वर दम टाकते, हुबेहूब तुमच्यासारखी. उजेडासमोर धरून बघा. बसवताना त्याच्या काठावरची छोटी जीभ खाचेतच बसली पाहिजे. डॅम्परमध्ये तेल आहे का तेही बघा.
इतकं करूनही काही सापडलं नाही, तर कॅटॅलिटिक तुंबलाय का बघू. व्हॅक्यूम गेज लावून इंजिन 2500 आरपीएमवर धरायचं, काटा हळूहळू पडत गेला तर तुंबलाय.

टर्बो_तात्या
इतकं करण्यापेक्षा व्ही8...

कोव्हेंट्रीकर
तात्या, कॅलिफोर्नियात नवं इंजिन टाकायचं तर ते गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं लागतं, आपल्या धुराच्या यंत्रणेसकट. मीही आत्ताच वाचलं. मला हे राज्य आवडेनासं झालंय.

मधलीसुट्टी
बुधवारी रात्री गॅरेजमध्ये बसलो. कॉम्प्रेशन 130, 134, 138, 132. पडदा: एका कडेला नखाएवढी चीर! डॅम्पर कोरडा ठणठणीत. आणि मास्तर, हसू नका, पॅडल तळाला गेलं तरी थ्रॉटल पाऊणच उघडत होता. आधीच्या मालकाने गालिच्यावर गालिचा घातला होता. पडदा ऑर्डर केला, शिपिंगसकट तीस डॉलरच्या आत.

भिडेमास्तर
मी हसलो नाही. मी फक्त घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

दहाबाराचा_पाना
पडद्याने जास्त फरक पडेल, मॅटने थोडा.

भिडेमास्तर
थ्रॉटल पाऊण उघडत होता, त्याला थोडा म्हणतात?

मधलीसुट्टी
शनिवारी रॅलीला जाऊन आलो. सुनोल 62 मैलांनी, चौथ्यात. मिनीव्हॅन दिसली नाही, नाहीतर टाटा केला असता. उरलेल्या पैशांचं काय करावं हा विचार होताच, तर तिथे एकाने 1975 ची एमजीबी विकायला काढली आहे. म्हणजे स्मॉग चेक माफ, ट्विन एसयू घातले तरी तपासणीवाला बघणार नाही. मागच्या एवढीच किंमत सांगतोय. घेऊ का?

कोव्हेंट्रीकर
घ्या! एसयू माझ्याकडे एक जोडी पडून आहे.

दहाबाराचा_पाना
1975 हे मॉडेल इयर की नोंदणीचं वर्ष? माफी मॉडेल इयरवर मिळते. आणि रबरी बंपरची असेल तर तिला पुढचा अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) नसणार, 75 आणि 76 ला तो काढला होता, वळणावर झोपाळ्यासारखी झुलते. तुमच्या 77 ला पुढे-मागे दोन्ही आहेत. या वेळी फोटो आधी टाका.