न्यूझीलंड, दक्षिण बेट: चौघी, अकरा दिवस, तंबू की कॅम्परव्हॅन? मदत हवी आहे

मंडळी, येत्या डिसेंबरात आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जातोय. २१ ला सकाळी ख्राइस्टचर्चला उतरायचं, ३१ ला रात्री परत. व्हिसा झाला, तिकिटं झाली आणि आता भांडणं सुरू आहेत.

आखलेला रस्ता: ख्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाऊ, मिलफर्ड साउंड; मग मागे फिरून हास्ट पासमार्गे पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ, आर्थर्स पास आणि परत ख्राइस्टचर्च. यात एकीला व्हेल बघायला कायकौराही हवंय. मी नकाशावर मोजलं तर २३०० किलोमीटरच्या आसपास जातंय. पुण्याहून कन्याकुमारीला निघून परतीच्या वाटेवर निम्म्यात पोचल्यासारखं. तिचं म्हणणं, "तिथे रस्ते रिकामे असतात गं."

मुख्य प्रश्न राहायचा. दोघींना चार जणांची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, हवी. तळ्याकाठी कुठेही थांबायचं, फुकट झोपायचं, सकाळी दार उघडलं की समोर बर्फाचे डोंगर. बाकी दोघींचं (त्यात मी) म्हणणं, साधी स्टेशन वॅगन घेऊ आणि तंबू नेऊ. चालवणाऱ्या दोघीच, आणि एवढं मोठं धूड आमच्यापैकी कुणीही कधी चालवलेलं नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, एवढंच काय ते ओळखीचं.

अनुभव म्हणाल तर राजमाची, हरिश्चंद्रगड, आणि एकदा पवनेच्या काठी तयार तंबूत. तिथे जेवणही आयतं होतं, त्यामुळे तो धरू नका. म्हणून गेल्या महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर रंगीत तालीम केली. "चार माणसांचा" म्हणून घेतलेल्या तंबूत आम्ही चौघी मावलो, पण एकीने कूस बदलायची तर चौघींनी बदलायची. बॅगा बाहेर. रात्री वारा सुटला, गच्चीवर खुंट्या ठोकायला माती कुठली, म्हणून कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या होत्या, त्यातली तुळस आडवी झाली. वॉचमन दोनदा वर येऊन बघून गेला. सकाळी तंबूचं छत आतून ओलं, आणि ते आमच्याच श्वासाचं पाणी होतं हे कळायला अर्धा तास लागला.

तर विचारायचंय ते असं. फुकट मुक्काम खरंच इतका सोपा आहे का? अकरा दिवसांत हा रस्ता होतो का? मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू नेता येतात का? आणि टेकापोला आकाशातल्या ताऱ्यांसाठी किती रात्री ठेवू? आमच्यातल्या एकीचा तर सगळा जीव त्यातच आहे.

— गच्चीवरची

दक्षिणबेटकर:

ताई, तुळशीबद्दल वाईट वाटलं. इथे नऊ वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुकट मुक्कामाचं आधी डोक्यातून काढा. त्यासाठी गाडीला 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाणी-संडासाची सोय आतच असल्याचा दाखला लागतो, आणि २०२३ च्या कायद्यापासून तो मिळायला गाडीत पक्का बसवलेला संडास हवा. सीटखाली ढकलायचा डबा चालत नाही. आणि दाखला असला तरी जिथे मनाई आहे तिथे थांबता येत नाहीच. तंबूवाल्यांनी सरळ डीओसीच्या, म्हणजे तिथल्या वनखात्यासारख्या विभागाच्या तळावर किंवा हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे पैसे देऊन राहायच्या सोयीच्या तळावर जावं. पार्कमध्ये सामाईक स्वयंपाकघर असतं, शेगडी, फ्रीज, गरम पाणी, सगळं. तुमचे पोहे तिथे मजेत होतील. शिवाय त्याच पार्कांत साध्या केबिनही असतात, त्या विसरू नका.

माझं मत: स्टेशन वॅगन घ्या. पूर्वेकडे, म्हणजे टेकापो, माउंट कुक, वानाका, इथे तंबू. मिलफर्ड आणि पश्चिम किनाऱ्यावर केबिन. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या पंक्तीतला. तिथे ओला तंबू गुंडाळून पुढच्या गावी ओलाच उभारायचा, त्यात मौज काही नाही. वर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या. दिसतात चिलटांएवढ्या, पण खाज आठवडाभर पुरते. पूर्वेलाही झोपायच्या पिशव्या चांगल्या जाड घ्या, उन्हाळ्यातही रात्री पारा एक आकडी होतो.

कायकौरा गाळा. रस्ते रिकामे असतात हे खरं, पण वळणांचे आणि दोनपदरी. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका बाजूने चार तास, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. ते आनाऊला दोन रात्री ठेवा, तिथेच टाकी भरा आणि पहाटे निघा. एकपदरी पूल बरेच लागतील. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. मागे गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन पुढे जाऊ द्या, इथले लोक हॉर्न वाजवत नाहीत पण मनात ठेवतात. आर्थर्स पासला किआ नावाचे पोपट गाडीच्या दाराचं रबर सोलतात, त्यांना खायला घालू नका.

खाण्याचं: देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर सगळं जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर वस्तू काढून घेतील, लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका, तुपाचे लाडूही घरीच संपवा. तंबू, खुंट्या आणि ट्रेकचे बूट घासूनपुसून न्या, सह्याद्रीची माती चिकटलेली दिसली तर तिथेच धुवायला घेतात. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो इथेच घ्या.

आणि तारे. टेकापोचं आकाश २०१२ पासून ताऱ्यांसाठी राखीव, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं आहे, त्यात वाद नाही. पण डिसेंबरात सूर्यच साडेनऊला मावळतो, पुरता काळोख व्हायला बारा वाजत येतात. मैत्रिणीला दुपारी झोपवा. २५ तारखेला सुपरमार्केट बंद, २६ पासून सगळा देश सुट्टीवर निघतो. तळांची नोंदणी आजच करा.

पाऊसपिशी:

+१ केबिनला. आम्ही फ्रान्झ जोसेफला तंबूत एक रात्र काढली, दुसरी गाडीत बसून काढली.

गच्चीवरची:

दक्षिणबेटकर, फार फार आभार. तुमचा प्रतिसाद आमच्या गटावर टाकला. कॅम्परव्हॅनवाल्या दोघींनी संडासाचा मुद्दा वाचला आणि विषयच बंद केला. रोज तो रिकामा कोण करणार यावर एकमत होणं शक्यच नव्हतं. कायकौरावाली रुसली आहे, तिला किआ दाखवून समजूत काढणार. ते आनाऊ आणि फ्रान्झ जोसेफच्या केबिन काल रात्रीच नोंदवल्या. माउंट कुकच्या तळाचं आज बघते. लाडू इथेच खाऊन टाकायचं ठरलंय, त्याला कुणाची हरकत आली नाही.

एक शेवटचं: घरचा तवा आणि पोळपाट-लाटणं आणू का?

दक्षिणबेटकर:

तवा आणा. पोळपाट-लाटणं लाकडाचं असेल तर तेही फॉर्मवर लिहावं लागेल. ब्रेड घ्या हो ताई.