मदत हवी आहे: पुलमन पोर्टरांच्या युनियनमधल्या बायकांविषयी

नमस्कार मंडळी. आमच्या कामगार अभ्यासवर्गात मला अमेरिकेतल्या पुलमन पोर्टरांच्या युनियनवर बोलायचं आहे. रेल्वेच्या शयनयान डब्यांत राबणारे हे कृष्णवर्णीय कामगार. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, जॉर्ज पुलमन या मालकाच्या नावावरून! १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये संघटना बांधली. कंपनीकडून करार मिळवायला १९३७ उजाडलं.

एवढं सगळीकडे सापडतं. मला हवं आहे ते बायकांचं काम. युनियनचा सुगावा लागला की पोर्टरची नोकरी जायची, म्हणून वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर घरोघरी जाऊन पत्रकं वाटत, वर्गणी गोळा करत. त्यांच्या नवऱ्याला कंपनीने काढलं, तेव्हा त्या थेट साहेबाच्या कचेरीत जाऊन भांडल्या आणि त्याला परत कामावर घ्यायला लावलं. अशा बाईबद्दल मराठीत कुणी लिहिलंय का?

शिकागोत पोर्टरांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथे कुणी गेलं असेल, तर महिला शाखेबद्दल काय मांडलंय ते सांगाल का? इंग्रजी साहित्य सुचवलंत तरी चालेल; भाषांतर मी करेन.