कारागृह विभागाची परवानगी आहे, तरी एथिक्स कमिटीकडे जायचं का?

एमएसडब्ल्यू_जळगाव: नमस्कार. प्रबंधासाठी जिल्हा कारागृहातल्या कच्च्या कैद्यांची झोप, चिंता आणि घरच्यांशी संपर्क यावर प्रश्नावली भरून घ्यायची आहे. विभागाचं परवानगीपत्र आलंय. प्रश्न एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीचा. गाईड म्हणतात, औषध द्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, मग कमिटी कशाला? जेलमधले लोक कैद्यांना एकदम हॉलमध्ये बसवून द्यायला तयार आहेत. बरेच जण चोपडा-यावलकडचे पावरा आदिवासी आहेत, पावरी बोलणारे. काय करू?

सातपुडा_पायथा: गाईडचं ऐक. आम्ही आश्रमशाळेत सर्व्हे केला तेव्हा मुख्याध्यापकांची सही घेतली, काम झालं.

वकीलताई_धुळे: कमिटीकडे जाच, बेटा. मी धुळ्याला वकिली करते आणि एका कमिटीवर कायद्याची सदस्य आहे.

कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून उभा आहे. तू झोपेबद्दल विचारशील आणि तो बोलता बोलता त्या रात्री काय घडलं ते सांगून मोकळा होईल. ते तुझ्या वहीत उतरलं की संपलं. अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायला वकिलाला कायद्याचं संरक्षण आहे, संशोधकाला नाही. कोर्टाने वही मागवली तर द्यावी लागेल. म्हणून गुन्ह्याबद्दल एकही प्रश्न नको. बोलणं तिकडे वळलं तर तिथेच थांबव, लिहू नकोस. रेकॉर्डिंग तर नकोच. फॉर्मवर नाव नको आणि बंदी क्रमांकही नको.

आता संमती. त्या पत्राने तुला फाटकातून आत सोडलं, एवढंच. शिपायाने नाव पुकारून हॉलमध्ये बसवलेला माणूस तुला नाही कसं म्हणेल? नाही म्हटलं तर मुलाकात बंद होईल असं त्याला वाटतं, हो म्हटलं तर जामिनाला उपयोग होईल असंही वाटतं. दोन्ही खोटं आहे, हे त्याला आधी स्पष्ट सांगायला हवं, आणि तेही शिपाई ऐकत नसताना.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञाने कैद्यांवर प्रयोग केले. कैद्यांनी सह्या केल्या होत्या, पैसेही घेतले होते. पण तुरुंगातल्या कुठल्याही कामापेक्षा हे पैसे जास्त होते, मग त्या सहीला स्वखुशीची म्हणायचं कसं? पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत कैद्यांवरच्या संशोधनासाठी नियम आले: समितीवर कैदी किंवा त्यांची बाजू मांडणारा माणूस हवा, आणि भाग घेतल्याने पॅरोलवर परिणाम होता कामा नये. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैदी असुरक्षित गटात, म्हणजे स्वतःचं हित जपणं ज्यांना अवघड जातं अशांत, येतात. धोका कमी असला तरी असा अभ्यास पूर्ण कमिटीपुढे जातो. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, एक सामान्य नागरिकही असतो. माझा भरवसा त्या नागरिकावर सगळ्यात जास्त, कारण फॉर्म कळत नसेल तर तो सरळ तसं सांगतो.

सातपुडा_पायथा, मुख्याध्यापकांच्या सहीने भागत नाही हो. आई-वडिलांची संमती लागते, आणि बारा ते अठराच्या मुलांचा स्वतःचा लेखी होकारही. त्या पोरांना नाही म्हणायची सोय होती का?

सातपुडा_पायथा: नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

एमएसडब्ल्यू_जळगाव: ताई, ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

वकीलताई_धुळे: त्यांच्या बोलीत वाचून दाखव, अंगठा घे. साक्षीदार हवाच, पण जेलचा कर्मचारी नको. प्रत द्यायचीच असते. ती बराकीत दुसऱ्याच्या हाती पडू शकते, म्हणून फॉर्मच्या मथळ्यात ‘मानसिक’ वगैरे शब्द टाकू नकोस. पावरी बोलणारा दुभाषा घे, मात्र त्यांच्याच पाड्यावरचा नको. तू जळगावला परतायच्या आत आतलं बोलणं तिकडे पोचलेलं असेल.